उत्तराच्या जवळ जाताना : भास्कराचार्य ते हुजूरबाजार

आजचा विषय आकड्यांचा आहे आणि बोलणारा माणूस तत्त्वज्ञानाचा. त्यामुळे आधीच सांगतो, मी इथे प्रोग्रॅमिंगचा वर्ग घ्यायला आलेलो नाही. ते काम आपल्या पवईच्या आयआयटीतली तरुण मंडळी माझ्यापेक्षा पुष्कळ चांगलं करतात. माझा प्रश्न जुना आहे. एखाद्या समीकरणाचं नेमकं उत्तर मिळत नाही, पण त्याच्या हवं तितकं जवळ जाता येतं. अशा वेळी आपल्याला उत्तर ‘कळलं’ असं म्हणायचं का? या प्रश्नाचा इतिहास आपल्या मातीशी चांगलाच जोडलेला आहे, म्हणून तो इतिहासाच्या वाटेनं मांडतो.

सुरुवात बाजारातून करू. समजा, दुकानदार तुम्हाला सांगतो, एक लाखाची वस्तू आत्ता घेऊन जा, पैसे बारा महिन्यांत द्या, दर महिन्याच्या शेवटी नऊ हजार. एकूण झाले १,०८,०००. म्हणजे, तो म्हणतो, व्याज ‘फक्त आठ टक्के’. हिशेब ऐकायला सरळ आहे. पण जरा थांबा. ते एक लाख रुपये वर्षभर तुमच्याकडे राहतात कुठे? पहिल्या महिन्यापासून मुद्दल परत जायला लागतं. सरासरीनं पाहिलं तर जेमतेम निम्मी रक्कम तुमच्या हातात असते आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर सांगितलं जातं. मग खरा दर किती?

प्रश्न असा मांडायचा : दरमहा अमुक दर धरला, तर या बारा हप्त्यांची आजची किंमत किती होते? ती बरोबर एक लाख भरली, तर तो दर खरा. हे समीकरण मांडून पाहिलंत तर ते बाराव्या घाताचं निघतं. वर्गसमीकरणाला जसं शाळेत पाठ केलेलं सूत्र असतं तसं सूत्र इथे नाही. पाचव्या घातापासून पुढे असं सर्वसाधारण सूत्र मिळूच शकत नाही, हे नॉर्वेच्या नील्स आबेलनं १८२४ मध्ये सिद्ध केलं. तेव्हा तो बावीस वर्षांचाही नव्हता.

सूत्र नाही म्हणून काही अडत नाही. अंदाज करू. दरमहा १ टक्का धरा. हप्त्यांची आजची किंमत येते सुमारे १,०१,२९६. जास्त झाली, म्हणजे दर कमी धरला. आता दीड टक्का धरा. किंमत येते ९८,१६८. कमी झाली. म्हणजे खरा दर या दोहोंच्या मध्ये. मधला घेऊ, १.२५. किंमत ९९,७१४, थोडी कमी. आता १ आणि १.२५ यांच्या मधला, १.१२५. किंमत १,००,५००, जास्त. मग १.१८७५. किंमत १,००,१०६, अजून थोडी जास्तच. म्हणजे आपला दर १.१८७५ आणि १.२५ यांच्या मध्ये आहे. प्रत्येक वेळी शोधायची जागा निम्मी होते. असंच चालत राहिलं की दर सुमारे १.२०४५ टक्क्यांवर येतो. बारानं गुणलं तर वर्षाला साधारण १४.४५ टक्के. ‘फक्त आठ’ची ही खरी किंमत.

या रीतीला दुभाजन म्हणू. ती इतकी साधी आहे की तिच्यामागे काही सिद्ध करण्यासारखं असेल असं वाटत नाही. पण आहे. एका टोकाला जास्त, दुसऱ्या टोकाला कमी, तर मध्ये कुठेतरी बरोबर असलंच पाहिजे, हे कशावरून? त्याची कठोर सिद्धता द्यायला हवी, हे १८१७ मध्ये ओळखलं ते प्रागच्या बेर्नार्ड बोल्झानोनं. हा धर्मगुरू होता, तत्त्वज्ञ होता आणि गणिती होता. आमच्या जातीचा माणूस, म्हणून मला त्याचा जरा अभिमान आहे.

आता आपल्याकडे येऊ. ‘काहीतरी धरून चाला आणि मग दुरुस्त करा’ या रीतीला आपल्याकडे नाव आहे, इष्टकर्म. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. त्यातल्या ‘लीलावती’ या भागात इष्टकर्माचं एक उदाहरण आहे. एक संख्या घ्या, तिला पाचानं गुणा, आलेल्यातून त्याचाच तिसरा भाग वजा करा, दहानं भागा, आणि मूळ संख्येचा तिसरा, दुसरा व चौथा भाग त्यात मिळवा. उत्तर ६८ येतं. तर मूळ संख्या कोणती?

आज आपण लगेच ‘क्ष मानू’ म्हणतो. भास्कराचार्य म्हणतात, तीन धरा. पाचानं गुणून पंधरा, तिसरा भाग गेला की दहा, दहानं भागून एक. त्यात तीनाचा तिसरा, दुसरा आणि चौथा भाग मिळवला की सव्वाचार. आपल्याला सव्वाचार नकोत, अडुसष्ट हवेत. अडुसष्टात सव्वाचार सोळा वेळा जातात. म्हणून तिनाच्या सोळा पट, अठ्ठेचाळीस. करून बघा, बरोबर येतं.

इथे धरलेली संख्या ‘चूक’ होती का? ती उत्तर नव्हती, हे भास्कराचार्यांना धरतानाच माहीत होतं. तरीही त्या संख्येनं उत्तरापर्यंत नेलं. न्यायशास्त्रात तर्क नावाची गोष्ट आहे. तर्क स्वतः प्रमाण नव्हे, पण प्रमाणाला साहाय्य करतो. इष्ट संख्या अगदी तशी आहे. ती ज्ञान नसते, ज्ञानाकडे जाणारं पाऊल असते.

पण इष्टकर्म एका पावलात संपतं, कारण तिथे सगळं प्रमाणात वाढतं. संख्या दुप्पट धरली की उत्तर दुप्पट. आपल्या हप्त्यांच्या प्रश्नात तसं होत नाही. मग काय करायचं? याचं उत्तर आपल्या ज्योतिर्गणितात आहे, आणि ते अडचणीतून जन्माला आलं. सूर्यग्रहणाचा मध्य केव्हा, हे काढायचं आहे. आपण पृथ्वीच्या पृष्ठभागावरून पाहतो, केंद्रातून नव्हे, त्यामुळे चंद्र थोडा सरकलेला दिसतो. या सरकण्याचा वेळेवर जो परिणाम होतो त्याला लंबन म्हणतात. आता गंमत बघा. लंबन किती, हे वेळेवर अवलंबून. आणि वेळ कोणती, हे लंबनावर अवलंबून. दोन्ही एकमेकांच्या दारात उभे. तत्त्वज्ञानात आम्ही याला अन्योन्याश्रय म्हणतो आणि तो दोष मानतो. पूर्वपक्षानं अन्योन्याश्रय दाखवला की वाद हरला!

ज्योतिषी मात्र हरले नाहीत. त्यांनी सांगितलं, अमावास्या संपण्याची वेळ घ्या, तिच्यावरून लंबन काढा, त्यानं वेळ दुरुस्त करा, दुरुस्त वेळेवरून पुन्हा लंबन काढा, पुन्हा वेळ दुरुस्त करा. असकृत्, म्हणजे पुनःपुन्हा. कुठवर? अविशेष होईपर्यंत. मागच्या फेरीत आणि या फेरीत फरक उरला नाही की थांबा. ‘सूर्यसिद्धान्ता’त ही रीत आहे, भास्कराचार्यांकडे आहे. तर्कात जो दोष होता, तो हिशेबात एक पद्धत झाला. मला विचाराल तर भारतीय विचाराच्या इतिहासातली ही एक मोठी घटना आहे, आणि आमच्या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात तिचं नावही नाही.

हे ज्ञान पोथीत पडून राहिलं नाही. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं चाळीसगावजवळ पाटण इथे मठ स्थापन केला. त्या मठाला दिलेल्या दानाचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख तिथे आहे. त्याचा बराच भाग संस्कृतात आणि दानाचा तपशील मराठीत. तो अभ्यासकांच्या नजरेत आणला आपल्या मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. म्हणजे गणिताची ती एक शाळा आणि तिचा खर्च कसा चालायचा याचा लेखी पुरावा, दोन्ही एका दगडावर.

पुढे कोकणात, मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ. त्यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली ‘ग्रहलाघव’ लिहिला. पंचांग करणाऱ्या सामान्य जोशीबुवांना ज्या, म्हणजे आजच्या भाषेत साइन, काढणं जड जायचं. गणेश दैवज्ञांनी सबंध ग्रंथातून ज्या काढूनच टाकल्या आणि त्यांच्या जागी गुणाकार-भागाकारांच्या सोप्या रीती दिल्या. दिवस मोजण्याचा मोठा आकडा लहान राहावा म्हणून अकरा वर्षांचं, ४,०१६ दिवसांचं चक्र घेतलं. त्यामुळे थोडी सूक्ष्मता गेली, पण गावोगावच्या माणसाला ग्रह काढता आला. महाराष्ट्रात शतकानुशतकं पंचांगं या ग्रंथावरून झाली. किती जवळचं उत्तर पुरेसं आहे, हा निर्णय गणितातून येत नाही. उत्तर कोणासाठी हवं आहे, कशासाठी हवं आहे, यावरून येतो. गणेश दैवज्ञांनी तो जाणून घेतला होता.

आता ‘फंक्शन’ या शब्दाकडे वळू. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला फल किंवा फलन म्हणतात. लाडू वळायचा साचा डोळ्यांपुढे आणू नका, तो दर वेळी एकच आकार देतो. फलन वेगळं. त्यात एक मोकळी जागा असते. त्या जागेत काही ठेवलं की काहीतरी बाहेर येतं, वेगळं ठेवलं की वेगळं येतं. गोटलोब फ्रेगे या जर्मन तर्कशास्त्रज्ञानं १८९१ मध्ये येना इथे दिलेल्या व्याख्यानात हे फार नेटकं मांडलं. फलन स्वभावतःच अपूर्ण असतं, तो म्हणाला. ती अपूर्णता हेच त्याचं स्वरूप. आणि त्यानं पुढचं पाऊलही टाकलं. काही फलनं अशी असतात की त्यांच्या मोकळ्या जागेत संख्या बसत नाही, दुसरं फलनच बसतं. त्यांना त्यानं दुसऱ्या पातळीची फलनं म्हटलं.

फ्रेगेला आपल्या हयातीत फारसे श्रोते मिळाले नाहीत. पण आज बोरिवली-मुलुंडच्या कुठल्याही महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकणारी मुलगी रोज फ्रेगे वापरते, फक्त तिला ते ठाऊक नसतं. कसं ते सांगतो.

मधली वाट झटकन ओलांडू. संगणक आपल्या शहरात आला तो कुलाब्याला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेलं टिफ्रॅक हे यंत्र १९६० मध्ये सुरू झालं, आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं ते नाव ठेवलं. संख्याशास्त्रासाठी खास भाषा निघाली अमेरिकेत, बेल प्रयोगशाळेत, १९७६ मध्ये. तिचं नाव एस. जॉन चेंबर्स तिचे प्रमुख कर्ते. तिच्याच वळणावर न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी आर ही भाषा रचली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ची. ती फुकट आहे आणि कोणालाही आतून उघडून बघता येते. पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात तिचे दृक्‌श्राव्य पाठही आहेत.

आरमध्ये आपला हप्त्यांचा प्रश्न असा लिहितात. आधी एक फंक्शन लिहायचं. त्याला नाव द्या ‘फरक’. आत काय जाणार? दर. बाहेर काय येणार? त्या दरानं बारा हप्त्यांची आजची किंमत, वजा एक लाख. बस्स. दर अजून कोणालाच माहीत नाही. मोकळी जागा मोकळीच आहे. मग हे अख्खं फंक्शन उचलून दुसऱ्या एका फंक्शनच्या हाती द्यायचं. त्याचं नाव युनिरूट. त्याला सांगायचं, हे ‘फरक’ घे, एक टक्का आणि दोन टक्के यांच्या मध्ये शोध, आणि ‘फरक’ कुठे शून्य होतो ते सांग. युनिरूट हे फ्रेगेचं दुसऱ्या पातळीचं फलन. ते एक फलन खातं आणि संख्या देतं. त्याच्या आत रिचर्ड ब्रेंट यांची रीत आहे, १९७३ च्या पुस्तकातली. आपलं दुभाजन आणि त्याहून वेगवान रीती यांचं ते मिश्रण आहे. दोन्ही टोकांना ‘फरक’ एकाच चिन्हाचा आला, तर युनिरूट काम नाकारतं. बोल्झानोची अट पुरी झाली नाही, असंच ते सांगत असतं.

इथे एक बारीक गोष्ट आहे. थांबायचं केव्हा, हे तुम्ही सांगितलं नाही, तर युनिरूट आपल्या मनानं ठरवतं. ती मर्यादा आहे १ भागिले ८,१९२, म्हणजे सुमारे ०.०००१२. लहान वाटते ना? पण आपला दर महिन्याला ०.०१२ आहे. बारानं गुणा, वर्षाच्या दरात जवळजवळ ०.१५ टक्क्याची ढील. प्रत्यक्षात उत्तर याहून जवळ येऊ शकतं, पण हमी एवढ्याचीच. अविशेष कशाला म्हणायचं हे जुना गणक स्वतः ठरवायचा. आज ते दुसरंच कोणीतरी ठरवून पाठवतं आणि आपण ते न वाचता स्वीकारतो.

आता आपल्या कथेतला शेवटचा माणूस. वसंत शंकर हुजूरबाजार. जन्म १९१९, कोल्हापूरचा. केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली संशोधन केलं. १९५३ पासून पुणे विद्यापीठात गणित आणि संख्याशास्त्राचा विभाग उभा केला. १९७४ मध्ये पद्मभूषण. संख्याशास्त्राबाहेर हे नाव फार कमी जणांना माहीत आहे, म्हणून मुद्दाम घेतो.

संख्याशास्त्रात एक मूलभूत रीत आहे. निरीक्षणं हाती आहेत, त्यांच्या मागची एक अज्ञात राशी शोधायची आहे. तर अशी राशी निवडा, जी खरी मानल्यास हाती आलेली निरीक्षणं येण्याचा संभव सर्वांत जास्त. इंग्लंडच्या रोनाल्ड फिशरची ही कल्पना. ती अमलात आणताना पुन्हा एक समीकरण समोर येतं, आणि बहुतेक वेळा ते सूत्रानं सुटत नाही. पण याहून मोठी अडचण वेगळी आहे. त्या समीकरणाला अनेक मुळं असू शकतात. मग खरं कोणतं?

१९४६ मध्ये स्वीडनच्या हाराल्ड क्रॅमेर यांनी दाखवलं होतं की, काही अटी पाळल्या तर निरीक्षणं वाढत जाताना सत्याकडे जाणारं एक मूळ असतंच. हुजूरबाजारांनी १९४८ च्या निबंधात पुढचं सिद्ध केलं. असं मूळ एकच असतं, आणि ते शिखरावर असतं, दरीत नव्हे. केवढा दिलासा आहे हा! सत्याकडे जाणारी वाट आहे आणि ती एकच आहे. पण नीट ऐका, या प्रमेयात काय सांगितलेलं नाही. तुमच्या संगणकानं आत्ता जे मूळ काढून दिलं ते हेच, असं प्रमेय म्हणत नाही.

एक उदाहरण देतो, घरी जाऊन कागदावर करून बघा. सरळ किनारा आहे. समुद्रात किनाऱ्यापासून एक किलोमीटरवर दीपगृह. दिवा फिरतोय आणि कुठल्याही दिशेला अचानक लखलखतोय. किनाऱ्यावर दोनदा प्रकाश पडलेला नोंदला, एकदा २ किलोमीटरच्या दगडापाशी आणि एकदा १२ च्या. दीपगृह किनाऱ्यावरच्या कोणत्या दगडासमोर आहे?

कोणीही म्हणेल, सरासरी काढा, सात. आता फिशरचं समीकरण मांडा आणि दुभाजन करा. दोनपाशी राशी धन, बारापाशी ऋण. मध्य सात. आणि सातपाशी राशी चक्क शून्य! पहिल्याच पावलात मूळ सापडलं. यंत्र खूश, आपण खूश. पण सातवर संभव मोजा. हप्त्याहप्त्यानं हिशेब करत बसायला नको, आकडा सोपा आहे. सातसाठी तो १ भागिले ६७६ च्या प्रमाणात येतो. त्याच समीकरणाची आणखी दोन मुळं आहेत, सुमारे २.१ आणि ११.९. तिथे तो १ भागिले १०० च्या प्रमाणात आहे, म्हणजे पावणेसात पट. सात हे शिखर नाहीच. दोन डोंगरांच्या मधली ती खिंड आहे. समीकरण बरोबर सुटलं, यंत्र चुकलं नाही, आणि उत्तर मात्र त्या टापूतलं सर्वांत वाईट.

उरलेल्या दोनांपैकी कोणतं? दोन निरीक्षणांवरून ते कळूच शकत नाही, दोन्ही शिखरं सारख्या उंचीची आहेत. इथे प्रामाणिक उत्तर असं की, अजून निरीक्षणं आणा. हे वाक्य कुठलंही युनिरूट तुम्हाला ऐकवणार नाही.

तर मूळ प्रश्नाकडे जाऊ. जवळचं उत्तर हे ज्ञान आहे का? नैयायिक म्हणतील, जे जसं आहे तसं कळणं म्हणजे प्रमा. मग १.२०४५ ही प्रमा नव्हे, कारण दर नेमका तेवढा नाही. धर्मकीर्तीचे अनुयायी म्हणतील, ज्यानं काम साधतं ते ज्ञान. मग ‘आठ की साडेचौदा’ हे कळायला १.२ सुद्धा पुरे. मला स्वतःला वाटतं, दोघांचंही समाधान होईल असं एक विधान दुभाजनात दडलेलं आहे. ‘दर १.२०४५ आहे’ हे विधान काटेकोरपणे खोटं आहे. पण ‘दर १.१८७५ आणि १.२५ यांच्या मध्ये आहे’ हे विधान पूर्ण खरं आहे. त्यात ‘सुमारे’ काही नाही. आपलं ज्ञान अंदाजे नव्हतंच, ते मर्यादांचं नेमकं ज्ञान होतं. आपण मर्यादा पुसून मधला एक आकडा मिरवतो, तेव्हा खऱ्या विधानाचं खोटं होतं.

म्हणून विद्यार्थ्यांना, आणि कर्जाच्या कागदावर सही करणाऱ्या प्रत्येकाला, तीन प्रश्न विचारायला सांगतो. सुरुवात कुठून केली? कुठे थांबलात, आणि ते कोणी ठरवलं? आणि दुसरं मूळ नाही कशावरून? पहिला प्रश्न इष्टकर्माचा आहे, दुसरा अविशेषाचा, तिसरा हुजूरबाजारांचा. आकडेमोड यंत्राकडे गेली, ते उत्तमच झालं. मोकळी जागा कोणती ठेवायची आणि तिच्यात काय भरायचं, ही जबाबदारी मात्र गणकाचीच होती आणि अजून आहे.

वेळ संपली. दीपगृहाचं गणित ज्यांनी कागदावर उतरवून घेतलंय त्यांनी घरी तिसरं निरीक्षण म्हणून ३ धरून बघावं, आणि कोणतं शिखर वर येतं ते पाहावं.